काळजी कोणी घ्यावी?

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात सूचनालेखन नावाचा एक छोटा घटक असतो. शिकवायला सोपा आणि तपासायला त्याहून सोपा. सूचना संक्षिप्त असावी, निःसंदिग्ध असावी, प्रमाण भाषेत असावी, एवढे फळ्यावर लिहिले की तास संपतो. गेली कित्येक वर्षे मी तो असाच संपवत आलो आहे. एका विद्यार्थ्याच्या डोळ्यांमुळे मला या घटकाकडे पुन्हा वळून पाहावे लागले, त्याची ही हकीकत.

आमचे महाविद्यालय ऊसपट्ट्यात आहे. गळीत हंगाम तोंडावर आला की रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. वाकलेल्या चॅसी, तुटलेले हूक, गंजून चाळण झालेले पत्रे हे सगळे कारखान्याचे धुराडे पेटण्याआधी उरकायचे असते. दुकाने मध्यरात्रीपर्यंत चालतात आणि तिथे राबणाऱ्यांत आमचे पाचसहा विद्यार्थी असतातच. त्यांतला एक त्या सकाळी मागच्या बाकावर डोळ्यांवर ओला रुमाल धरून बसला होता. मी सवयीने टोकले, "जागरण झालेलं दिसतंय." तो उभा राहून म्हणाला, "नाही सर, डोळ्यांना वेल्डिंग लागलंय." वर्गात कोणी हसले नाही. मला न कळलेला हा वाक्प्रचार निम्म्या वर्गाला ठाऊक होता.

रॉड लोखंडाला टेकवून किंचित उचलला की जो प्रकाश पडतो, त्यात दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारे अतिनील किरणही असतात. ते बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजून काढतात. उन्हाने कातडी भाजावी तसाच हा प्रकार; फक्त जागा नाजूक. त्यातली फसवणूक अशी की भाजताना काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री किंवा पहाटे, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी थांबत नाही, उजेड सोसवत नाही. दुकानातला उपाय म्हणजे बटाट्याच्या चकत्या. एकदोन दिवसांत डोळे बहुधा आपोआप निवळतात आणि श्रेय बटाट्याला जाते. (दुखणे थांबेना किंवा अंधुक दिसू लागले तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे, हे कोणी सांगत नाही.)

मी त्याला विचारले, "काच नव्हती का वापरली?" त्याचे उत्तर असे की काच मिस्त्रींकडे होती. हा वेल्डिंग मारत नव्हताच, अँगल धरून उभा होता.

इथे थोडे थांबायला हवे, कारण बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट इथे आहे. आपल्या बहुतेक छोट्या दुकानांत अजूनही हातात धरायची काच असते. वेल्डरच्या एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काच. मग जोडायचा तुकडा धरणार कोण? तिसरा हात लागतो आणि तो हेल्परचा असतो. म्हणजे ठिणगीच्या सगळ्यात जवळ, दोन्ही हात अडकलेले आणि चेहरा उघडा, असा माणूस त्या अवजारानेच तयार केलेला आहे. त्याला डोळे मिटून मान फिरवायला शिकवतात. पण तुकडा हलला की नाही हे पाहायला तो डोळे उघडतोच. यावर तोडगे आहेत आणि ते अवघड नाहीत. डोक्यावर बसणारे हेल्मेट घेतले की वेल्डरचा एक हात सुटतो. ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी काचही आता मिळते. तुकडा धरायला क्लॅम्प किंवा चुंबक चालतो. आणि तरीही माणूस लागलाच, तर त्याला त्याच नंबरची दुसरी काच हवी. बाजारातला काळा गॉगल त्या कामाचा नव्हे, गॅसकटिंगची पाच नंबरची काचही नव्हे; आर्कला करंटप्रमाणे साधारण दहा ते तेरा नंबरची काच लागते.

आता माझ्या अपराधाकडे येतो. त्या दुकानात पाटी होती: 'वेल्डिंग करताना डोळ्यांची काळजी घ्यावी.' हेच वाक्य या मुलाने माझ्या चाचणीत सूचनालेखनाचा नमुना म्हणून लिहिले होते आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. संक्षिप्त, शुद्ध, प्रमाण. निःसंदिग्ध मात्र अजिबात नाही. 'घ्यावी' हा विध्यर्थ, प्रयोग कर्मणी, कर्ता अध्याहृत. कोणी घ्यावी? वाक्य त्याबद्दल मौन बाळगते. वाचणारा मात्र गप्प राहत नाही. वाक्यातली मोकळी जागा तो स्वतःच्या नावाने भरतो, कारण पाटी त्याच्या समोर असते आणि मालक गल्ल्यावर. शिवाय 'वेल्डिंग करताना' म्हणजे वेल्डिंग करणारा. अँगल धरणारा त्या वाक्यात कुठेच नाही. आपली शासकीय आणि औद्योगिक मराठी अशा विध्यर्थांनी भरलेली आहे: हातमोजे वापरावेत, दक्षता बाळगावी, सुरक्षित अंतर ठेवावे. आपण तिला क्लिष्ट म्हणून नावे ठेवतो. मला वाटते, तिचा खरा दोष क्लिष्टता हा नाहीच, तर कर्ता लपवणे हा आहे.

गंमत अशी की कायद्याने तो लपवला नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५ व्या कलमात, उडणारे कण किंवा अतिप्रखर प्रकाश यांपासून डोळ्यांना धोका असेल तिथे परिणामकारक पडदे किंवा योग्य गॉगल पुरवणे राज्य शासनाला नियमांनी सक्तीचे करता येत होते. क्रियापद 'पुरवणे' हे होते, 'वापरणे' नव्हे. आणि ते ती प्रक्रिया करणाऱ्यांसाठी तसेच तिच्या लगत काम करणाऱ्यांसाठीही. अँगल धरणारा मुलगा १९४८ च्या मसुदाकाराला दिसला होता, मला दिसला नाही. अर्थात विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगार असतील तरच तो कायदा तिला कारखाना म्हणत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आणि तिच्यात हा आकडा २० झाला. आमच्या रस्त्यावरच्या दुकानांत तीनचार माणसे असतात. त्यांच्यापाशी उरते ती फक्त पाटी. म्हणून तिच्यावरची भाषा ही किरकोळ बाब नाही.

पुढच्या आठवड्यात वर्गातल्या काही जणांना घेऊन मी दुकानात गेलो. तिथले शब्द टिपून घेतले आणि लक्षात आले की काही शब्दच घातक आहेत. उदाहरणार्थ 'रिकामा'. डिझेलचा रिकामा ड्रम किंवा टाकी जोडायला येते. रिकामा म्हणजे त्यात काही नाही, अशी आपली समजूत. पण तळाशी राहिलेल्या थेंबाची वाफ आतल्या हवेत मिसळली की तो ड्रम भरलेल्या ड्रमापेक्षाही भयंकर होतो आणि ठिणगीसरशी फुटतो. नीट धुऊन, आतली वाफ पूर्ण घालवल्याखेरीज आणि तोंड उघडे ठेवल्याखेरीज त्याला हात लावायचा नसतो. दुसरा शब्द 'हवा'. ऑक्सिजनच्या नळीने कपड्यांवरची धूळ उडवायची आणि त्याला हवा मारणे म्हणायचे. ती हवा नव्हे. ऑक्सिजन मुरलेला कपडा एका ठिणगीने भडकतो. त्या सिलिंडरच्या रेग्युलेटरला तेलकट हातसुद्धा लागता कामा नये. तिसरा 'थंडीताप'. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप दिवसभर जोडला की रात्री हुडहुडी भरते, दुसऱ्या दिवशी उतरते. तो ताप जस्ताच्या धुराचा असतो. मिस्त्री गूळ देतात. गूळ खावा, तो चांगलाच असतो. पण धूर त्याने अडत नाही. जोडाजवळचा मुलामा घासून काढणे, काम उघड्यावर घेणे, पंखा धूर बाजूला नेईल असा लावणे, तोंड धुराच्या वर न धरणे, हे उपाय. वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये निश्चित केले आहे.

एका सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला: हे आयटीआयचे काम, मराठी विभागाचे नव्हे. शिवाय मुले दिली तरी वापरत नाहीत. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात हेल्मेट नकोसे होते, जाड हातमोज्यांत रॉड बदलता येत नाही; आणि घामाने भिजलेल्या उघड्या हाताने होल्डर धरला की शॉक बसतो, हेही त्यांना ठाऊक असते. पण पहिला मुद्दा मला मान्य नाही. आपल्या कवितेत ठिणगी इतक्यांदा क्रांतीची झाली आहे की ती बुटात पडते हे आपण विसरलो. आपण शिकवतो त्या कामगार साहित्यात गिरणी आहे, भोंगा आहे, संप आहे. तीन माणसांच्या, युनियन नसलेल्या, आपलाच विद्यार्थी जिथून थेट वर्गात येतो त्या दुकानाचे शब्द कोणी पाहायचे?

मुलांनी नवी पाटी लिहिली. पहिली ओळ अशी: 'अँगल धरणाऱ्यालाही मालकाने काच द्यावी.' विध्यर्थ तोच, कर्ता मात्र ठळक अक्षरांत. ती घेऊन गेलो तेव्हा मालकांनी चहा मागवला, पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "सर, तेवढं 'मालकाने' काढा. बाकीची लावतो की." मी काढले नाही. त्यांनी लावली नाही.

हंगाम संपताना पुन्हा त्या बाजूला जाणे झाले. खिळ्याला दोन काचा टांगलेल्या होत्या. पाटी माझ्या कपाटातच आहे.