ते हरले तर नियोजन, आपण हरलो तर कोटा

२०२५ च्या जूनमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर हा बास्केटबॉल संघ इंडियाना पेसर्सला ४-३ ने हरवून एनबीएचा विजेता झाला. तेव्हापासून मॅनेजमेंटवाल्या मंडळींना नवी पोथी सापडली आहे. मालक क्ले बेनेट, जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी आणि त्यांचं 'लाँग टर्म प्लॅनिंग'. आपल्यातलीही एमबीए करणारी पोरं हे व्हिडिओ फॉरवर्ड करतात, की बघा, संयम असावा तर असा. संघ चांगला आहे, मलाही आवडतो. पण हा संयम परवडतो कुणाला आणि त्याचं बिल कोण भरतं, हे त्या व्हिडिओत नसतं.

आधी हे नियोजन काय होतं ते पाहू. २०१९ मध्ये थंडरने आपला मोठा खेळाडू पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण खेळाडू आणि पुढच्या वर्षांतले पहिल्या फेरीच्या निवडीचे पाच हक्क घेतले. वर दोन वेळा निवडीचा क्रम अदलाबदल करण्याची मुभा. एनबीएत नवे खेळाडू 'ड्राफ्ट'मधून येतात. खाली राहिलेल्या संघांना सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त, विजेता जवळजवळ रांगेच्या शेवटी. म्हणजे हरण्यात फायदा. थंडर हरला. २०२०-२१ मध्ये ७२ पैकी २२ सामने जिंकले, पुढच्या वर्षी ८२ पैकी २४. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसकडून ७३ गुणांनी पराभव, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. मग २०२२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन मिळाला आणि क्लिपर्सकडून आलेल्या हक्कावर बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स. तीन वर्षांत ट्रॉफी.

आता सांगा, यात 'मेरिट' कुठे बसवायचं? अब्जाधीशांच्या तीस संघांनी मिळून ठरवलं आहे की जो वर आहे त्यालाच पहिली निवड दिली तर खेळच संपेल, म्हणून खालच्याला आधी द्यायचं. त्यावर 'गुणवत्तेचा बळी' असा अग्रलेख कुणी लिहीत नाही. दोन वर्षं हरणाऱ्या मालकाला दूरदृष्टीचा म्हणतात. आपल्या वस्तीतलं पोरगं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात एका विषयात अडकलं, की होस्टेलभर कुजबूज सुरू होते, 'कोट्यातला आहे ना.'

इथे सावध मात्र राहायला हवं. 'एनबीएतलं आरक्षण' असा सोपा मीम बनवू नका. ड्राफ्ट ही हरलेल्या मालकाला दिलेली भरपाई आहे. आरक्षण ही दुबळ्याला दिलेली मदत नाही, ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांचं ते प्रतिनिधित्व आहे. बाबासाहेबांची मांडणी प्रतिनिधित्वाची आहे, ती आपणच पातळ केली तर समोरच्याला आयतं मिळेल. ड्राफ्टमधून एवढंच घ्यायचं की शर्यत आपोआप न्याय्य होत नाही हे सत्ताधाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि स्वतःसाठी नियम बदलताना त्यांना लाज वाटत नाही.

दुसरी बाजू पगाराची. ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्याचा पहिल्या चार वर्षांचा पगार तक्त्यानुसार ठरतो. त्यामुळे विजेतेपदाच्या वर्षी विल्यम्स हा लीगच्या निवडक १५ खेळाडूंत असूनही त्याचा पगार ५० लाख डॉलरच्या आत होता. थंडरच्या विजयाचं खरं गणित इथे आहे: अव्वल काम, तक्त्यावरची मजुरी. २०२५ च्या जुलैत तिघांचे करार झाले. शेचा चार वर्षांचा २८.५ कोटी डॉलरचा, होल्मग्रेनचा पाच वर्षांचा २५ कोटींपर्यंत, विल्यम्सचा २८.७ कोटींपर्यंत. पण २०२३ च्या करारापासून ठरावीक पगारमर्यादेपलीकडे गेलेल्या संघावर इतकी बंधनं येतात, की तीन मोठे पगार सांभाळायचे तर बाकीचे स्वस्तात हवेत. साठवलेले निवडीचे हक्क म्हणजे स्वस्त मनुष्यबळाचा साठा. डॉर्ट आणि हार्टेनस्टाइन यांच्या करारातलं २०२६-२७ चं वर्ष ठेवायचं की काढायचं, हा पर्यायही संघाच्याच हातात ठेवलेला. याच संघाने २०१२ मध्ये अंतिम फेरी गाठल्यावर काही महिन्यांत जेम्स हार्डनला ह्यूस्टनला पाठवलं होतं. चार वर्षांत मिळून सुमारे ५० लाख डॉलरचा फरक आणि डोक्यावर लक्झरी टॅक्सची टांगती तलवार, असं तेव्हा छापून आलं. तोच हार्डन २०१८ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कुणी म्हणेल, कोट्यधीश खेळाडूंचं कसलं रडगाणं? बरोबर. पण ते कोट्यधीश झाले कसे ते पाहा. १९६४ मध्ये बोस्टनच्या ऑल-स्टार सामन्याआधी खेळाडू ड्रेसिंग रूममध्येच अडून बसले, पेन्शनचं आश्वासन मिळाल्यावरच कोर्टवर आले. १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसनने खेळाडू संघटनेचा अध्यक्ष म्हणून लीगवर खटला भरला. इंडियानापोलिसमध्ये फक्त काळ्या मुलांसाठी काढलेल्या शाळेत शिकलेला हा माणूस. तोवर करार संपला तरी खेळाडू जुन्याच मालकाला बांधलेला असायचा. १९७६ च्या तडजोडीने ती साखळी सैल झाली. आज लीगच्या बास्केटबॉल उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना जातो, तो मालकाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, युनियनमुळे. तरी ७० टक्क्यांहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या या लीगमध्ये मायकेल जॉर्डनने २०२३ मध्ये शार्लटचा मोठा हिस्सा विकला, तेव्हा बहुसंख्य मालकी असलेला एकमेव कृष्णवर्णीय मालकही गेला. खेळणारे कोण आणि ठरवणारे कोण, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

ज्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याची चौकशी केली, त्यांनीच १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरचा संप उभा केला. आपण १४ एप्रिलला हे भाषणात सांगतो आणि १५ एप्रिलला 'युनियनबाजी नको, स्किल वाढवा' अशी पोस्ट लाइक करतो.

बिलाचं राहिलंच. १२ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमा सिटीत मतदान झालं. नवं स्टेडियम किमान ९० कोटी डॉलरचं, त्यात मालकांचे ५ कोटी. उरलेलं मुख्यतः एक टक्का विक्रीकरातून, सहा वर्षं. तिकीट कधीच न परवडणारी बाईसुद्धा मुलाचे बूट घेताना त्यात भर घालणार. ७१ टक्के लोकांनी होकार दिला, कारण संघ गेला तर काय ही भीती. हा संघ २००८ मध्ये सिएटल सोडूनच तिथे आला होता, त्यामुळे भीती खोटीही नव्हती.

आपल्याकडे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर गटारात उतरणारा सफाई कामगार आणि तासिका तत्त्वावर शिकवणारा नेट-सेट झालेला प्राध्यापक यांना कुणी पुढच्या पाच वर्षांचं नियोजन विचारून पाहावं. पुढच्या महिन्याचं भाडं कसं भरणार, इथपर्यंतच ते पोहोचतं. त्यांना प्लॅनिंगचे व्हिडिओ पाठवण्याआधी त्यांच्या ठेक्याच्या करारात शेवटच्या वर्षाचा पर्याय कुणाच्या हातात आहे ते वाचा, आणि युनियनची पुढची बैठक कधी आहे ते विचारा.