आधी नाली, मग टॅक्स?

अकोल्यात किंवा अमरावतीत मालमत्ता कराची नवी बिलं घरोघरी पोचली की एक वाक्य चौकाचौकांत ऐकू येतं : "आमच्या घरापुढं नालीच नाही, तं टॅक्स कायले भरू?" जुलैत त्याच घराच्या उंबऱ्याशी पाणी येतं तेव्हा तोच माणूस विचारतो, "मनपा करते तरी काय?" दोन्ही प्रश्नांमागचा संताप खरा आहे. पण गेल्या काही वर्षांत पहिल्या प्रश्नाला मोर्चे मिळाले, निवेदनं मिळाली, पुढारी मिळाले. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या हट्टात अडकून पडलं आहे, हे सांगायला मात्र फारसं कुणी पुढं आलं नाही.

अकोल्याची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. १ ऑक्टोबर २००१ रोजी तिथं महापालिका झाली आणि त्यानंतर सुमारे सोळा वर्षं मालमत्तांच्या करात फेरसुधारणाच झाली नाही. घरांवर मजले चढले, शेतांचे ले-आउट झाले, २०१६ मध्ये आसपासची २४ गावं हद्दीत आली. कराचा पाया मात्र जुनाच राहिला. २०१७ मध्ये एकदम नवी आकारणी आली आणि शहर पेटून उठलं. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपानं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, २०१९ मध्ये तिथं करवाढ रद्द झाली. मनपानं सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल बाजूला सारून मनपाची सुधारणा उचलून धरली. वादातली आकारणी २०१७-१८ पासूनच्या पाच वर्षांची होती. म्हणजे ज्या वर्षांसाठी कर होता ती वर्षं संपून गेल्यावर तो कर योग्य ठरला. अमरावतीतही नव्या मूल्यांकनाच्या बिलांवरून असंच रान उठलं.

करवाढीच्या विरोधकांचा पहिला मुद्दा असा की एकाच वेळी एवढी वाढ म्हणजे लूट आहे. धक्का बसला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो धक्का कुठून आला? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे आणि त्याच्या कराधान नियमांत किमान दर चार वर्षांनी नवं आकारणी पुस्तक तयार करायची तरतूद आहे. ती पाळली असती तर सोळा वर्षांत चार वेळा थोडीथोडी वाढ झाली असती. समजा, २००१ मध्ये एखाद्या घराला १,००० रुपये कर होता आणि दर चार वर्षांनी १५ टक्के वाढला. तर सोळा वर्षांनी तो साधारण १,७५० रुपयांवर गेला असता आणि कुणालाही मोर्चा काढावा लागला नसता. तेव्हा लूट झाली असेल तर ती २०१७ मध्ये नव्हे, त्याआधीच्या सोळा वर्षांत झाली. निवडणुकीच्या भीतीनं ज्यांनी आकारणी पुढं ढकलली, त्यांनी नागरिकांचा पैसा वाचवला नाही. तो एकरकमी मागण्याची वेळ आणली, आणि मधल्या काळात ज्या नाल्या बांधायला हव्या होत्या त्या बांधल्या नाहीत.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे : आधी सुविधा द्या, मग कर मागा. हद्दवाढीत आलेल्या गावांतल्या माणसानं असं म्हणावं हे स्वाभाविकच आहे. ग्रामपंचायतीचा कर गेला, मनपाचा आला, आणि घरासमोरचा चिखल आहे तिथंच राहिला. त्याच्या बिलात काय मागितलं आहे आणि काय दिलं आहे याचा जाब त्यानं विचारलाच पाहिजे. पण "आधी" हा शब्द इथं चालत नाही. जकात गेली, स्थानिक संस्था करही गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून महापालिकांना राज्याकडून नुकसानभरपाईचा हप्ता मिळतो. स्वतःच्या हातात उरलेला एकमेव भरभक्कम कर म्हणजे मालमत्ता कर. मुंबईहून किंवा दिल्लीहून निधी आणू, असं सांगणारे पुढारी एक गोष्ट सांगत नाहीत : पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानाला अटच घातली होती की राज्यानं मालमत्ता कराचा किमान दर ठरवावा आणि शहरांनी राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीनं वसुली वाढवत न्यावी. घरचा कर बुडाला की बाहेरचा निधीही आटतो. शिवाय बाहेरचा निधी काँक्रीटचा रस्ता बांधून देतो. त्या रस्त्याकडेच्या नालीतला गाळ दरवर्षी काढायचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही.

मग भ्रष्टाचाराचं काय? पैसा दिला तर तो खाल्लाच जाणार, असं म्हणणाऱ्यांना खोटं पाडायचं कारण नाही. मापं चुकलेली बिलं, एकाच घराला दोन बिलं, रिकाम्या गाळ्यावर भाड्याचा हिशेब, हे सगळं लोकांनी भोगलं आहे. पण कर न भरल्यानं भ्रष्टाचार कमी झाल्याचं उदाहरण कुठं आहे? कर न भरणारा माणूस हिशेब विचारण्याचा आपला हक्कही सैल करतो, आणि कर न घेणारी संस्था हिशेब देण्यातून सुटते. त्यातून अभय योजना जन्माला येते. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, ती साचत जाते, आणि मार्च जवळ आला की शास्ती माफीची घोषणा होते. जो पेन्शनर एप्रिलमध्येच झोन कार्यालयाच्या रांगेत उभा राहून पावती घेतो, त्याच्यावर हा उघड अन्याय आहे. पुढच्या वर्षी त्यानंही थांबायचं ठरवलं तर दोष कुणाला द्यायचा?

शाळांच्या बाबतीत गैरसमज सगळ्यात दाट आहे. करपावतीवर शिक्षण कराची ओळ पाहून अनेक जण म्हणतात, शाळेसाठी पैसे घेता आणि शाळा ओस पडल्यात. १९६२ च्या कायद्यानुसार घेतला जाणारा महाराष्ट्राचा शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करते; तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो, मनपाच्या शाळेच्या छपरावर नाही. रोजगार हमी कराचंही तसंच. उलट मनपाच्या प्राथमिक शिक्षकांच्या पगाराचा निम्मा भार महापालिकेवर असतो. शाळेची डागडुजी, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी हा खर्च महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून निघायचा असतो. वसुली घटली की पहिली कात्री याच खर्चाला लागते, कारण त्यासाठी ओरडणारा कुणी नसतो. अमरावती आणि अकोल्याच्या मनपा शाळांत, मराठी असोत की उर्दू, हमालांची, बांधकाम मजुरांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुलं शिकतात. स्वतःच्या घरासाठी कर कमी करून घेणाऱ्या मध्यमवर्गाची मुलं तिथं नाहीत, म्हणून "पटच नाही तर खर्च कशाला" हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो. पट आधी घसरला की गळकं छप्पर आधी आलं, हे त्या पालकांना विचारावं.

अमरावतीला तर या बाबतीत स्वतःचाच वारसा आहे. १९२८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शाळा खेड्यापाड्यांत न्यायच्या तर पैसा लागेल, हे त्यांनी शेतकऱ्यांपासून लपवलं नाही; कर वाढवला आणि शाळा उघडल्या. ते स्वतः शेतकऱ्यांचे पुढारी होते आणि ज्यांच्याकडून कर घ्यायचा तेच त्यांचे लोक होते. आज त्यांच्या नावानं घोषणा देणाऱ्यांपैकी किती जण मतदारासमोर उभं राहून शाळेसाठी कर मागतील?

आता पाण्याकडं. २१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात दोनशे मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळला. वर्षभरात जेमतेम आठशेच्या आसपास पडणाऱ्या शहरात एका रात्रीत पाव वर्षाचा पाऊस. मोर्णा नदीचं पाणी काठच्या सखल वस्त्यांत घुसलं, लोकांचं धान्य, गाद्या, मुलांची दप्तरं गेली. एवढ्या पावसापुढं कुठलीही नाली अपुरी पडेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या रात्रीपुरतं ते खरं मानू. पण या शहरांत पाणी तुंबायला दोनशे मिलिमीटर लागत नाहीत, पन्नास पुरतात.

कारण इथली माती आणि इथलं बांधकाम. अकोला पूर्णेच्या खोऱ्यात, भारी काळ्या जमिनीवर बसलं आहे. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात आणि जूनचा पहिला पाऊस त्यांत गडप होतो. एकदा माती फुगली की भेगा मिटतात आणि ऑगस्टचं पाणी खाली उतरायचं नाव घेत नाही. अमरावतीत पूर्वेकडच्या टेकड्यांवरून, वडाळी आणि छत्री तलावाच्या बाजूनं, पाणी शहराकडं धाव घेतं आणि अंबादेवीजवळून वाहणारा अंबा नाला ते वाहून नेतो. त्या नाल्याचा काठ कुठं भिंतींनी, कुठं स्लॅबनी आवळला गेला. दोन्ही शहरांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी बऱ्याच ठिकाणी एकाच उघड्या नालीतून जातं. मे महिन्यात जेसीबी येतो, गाळ काढून काठावरच ठेवतो, आणि पहिल्या सरीत तो परत आत जातो. वर रस्त्यावर रस्ता चढवत नेल्यानं जुन्या घरांचं जोतं सडकेच्या खाली गेलं.

नागरिकांचाही यात वाटा आहे आणि तो मोजता येतो. १,५०० चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १४ हजार लिटर पाणी होतं. घर, पार्किंग, टाइल्स लावलेलं अंगण, सगळं पक्कं केलं की त्यातलं जवळपास सगळं पाणी रस्त्यावर येतं. असे शंभर प्लॉट असलेल्या एका ले-आउटमधून १४ लाख लिटर. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत पर्जन्य जलसंधारणाची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. वऱ्हाडातलं सर्वसाधारण घर त्या नियमाच्या बाहेरच राहतं. ते पाणी उताराच्या शेवटी असलेल्या झोपडीत शिरतं, आणि त्या झोपडीच्या मालकानं अंगणात एकही टाइल लावलेली नसते. कर हा गरिबावरचा बोजा आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा उतार एकदा पायी उतरून बघावा.

लोकसहभागातून हे सुटेल, असं म्हणणाऱ्यांसमोर मोर्णाच उभी आहे. १३ जानेवारी २०१८ ला जिल्हा प्रशासनाच्या हाकेला ओ देऊन सहा हजारांहून अधिक अकोलेकर नदीत उतरले. चार किलोमीटरच्या पट्ट्यात जलकुंभी उपसली गेली, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्या लोकांचा अभिमान वाटावा असंच ते काम होतं. पण पात्रात सांडपाणी येत राहिलं आणि जलकुंभी परत आली. सांडपाणी अडवून शुद्ध करणारं केंद्र रोज चालवायला वीज, माणसं आणि रसायनं लागतात. ती श्रमदानातून येत नाहीत.

तेव्हा नागरिकांनी कर कमी करा ही मागणी सोडून त्याहून कडक मागणी करायला हवी. आकारणी चार वर्षांनी म्हणजे चार वर्षांनीच, मग निवडणूक असो वा नसो. प्रत्येक प्रभागातून किती कर आला आणि त्या प्रभागाच्या नाल्यांवर, शाळांवर किती खर्च झाला, याचा तक्ता दर वर्षी झोन कार्यालयाच्या दारात लागावा. घर छोटं आणि जुनं असेल त्याला सवलत असावी. शास्ती माफ करायची तर ती फक्त अशाच घरांची. आणि पावसाच्या पाण्याचा भार ज्यानं त्यानं उचलावा. अमेरिकेतल्या बेलव्यू शहरानं १९७४ मध्येच पावसाळी पाण्यासाठी वेगळं शुल्क सुरू केलं. जर्मनीतल्या अनेक शहरांत ते पक्क्या केलेल्या जागेच्या क्षेत्रफळावर आकारलं जातं. अंगणात माती ठेवणाऱ्याला करात सूट आणि संपूर्ण प्लॉट फरशीनं झाकणाऱ्याला जादा आकार, हे इथंही करता येईल. मनपाच्या शाळांची मैदानं थोडी खोलगट करून पावसाचं पाणी काही तास अडवता येतं. रॉटरडॅमनं २०१३ मध्ये बेंथमप्लेन चौकात नेमकं हेच केलं, कोरड्या दिवशी तिथं मुलं खेळतात. शाळेची जागा विकायला काढण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी आधी तिच्या मैदानात किती लिटर पाणी मावतं ते मोजावं.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं दोन्ही महापालिकांत प्रशासकांचा कारभार होता. लोकांनी जाब विचारावा असं सभागृहच नव्हतं आणि करावरचा अविश्वास त्या काळात अधिक घट्ट झाला, ही तक्रार रास्तच आहे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनं नगरसेवक परत आले. त्यांच्यापुढं पहिला सोपा मार्ग करवाढीला स्थगिती आणण्याचा आहे, आणि अनेकांनी तसं वचनही दिलं असेल. प्रभागातल्या माणसानं त्यांना स्थगितीबद्दल विचारू नये. आपल्या गल्लीतलं पाणी कोणत्या नालीतून कोणत्या नाल्याला मिळतं, त्या नालीची रुंदी किती, तिच्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रुपये आहेत आणि शेजारच्या मनपा शाळेच्या छपरासाठी किती, एवढंच विचारावं, आणि उत्तर पावसाळ्याआधी लेखी मागावं.