अर्भकाची वेदना आणि रुग्णालयाची सोय

१९८५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे अपुऱ्या दिवसांच्या एका अर्भकावर हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. स्नायू लुळे पाडणारे औषध त्याला दिले होते. वेदनाशामक दिले नव्हते. छाती उघडली जात असताना मूल हलू शकत नव्हते, एवढेच. काही आठवड्यांनी ते दगावले. त्याची आई जिल लॉसन यांनी पुढे विचारणा केली, तेव्हा इतक्या लहान मुलाला वेदना होतात हे सिद्ध झालेले नाही, असे उत्तर मिळाले. १९८६ मध्ये प्रकरण वृत्तपत्रांत आले आणि ही चूक नसून रूढ पद्धतच होती, हे लोकांना कळले.

भुलीने दुबळ्या मुलाचा श्वास थांबेल, ही त्या पद्धतीमागील भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु सिद्ध करण्याचा भार सोसणाऱ्यावर टाकायचा आणि तो बोलू शकत नाही म्हणून निकाल त्याच्याविरुद्ध द्यायचा, हा न्याय काही वैद्यकशास्त्राने शोधून काढलेला नाही. सत्तेच्या व्यवहारात तो जुनाच आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद यांनी त्याच शस्त्रक्रियेचा अभ्यास करून १९८७ मध्ये दाखवून दिले की, फेंटानिल दिलेल्या मुलांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. वेदनाशमन ही दया नव्हे, उपचाराचाच तो भाग आहे, हे त्यानंतर नाकारणे कठीण झाले.

शस्त्रक्रियेपुरता प्रश्न बराचसा मिटला. अतिदक्षता विभागातील नित्याच्या वेदनांचा मिटला नाही. टाचेतून रक्त काढणे, शीर सापडेपर्यंत सुई टोचणे, श्वासनलिकेतील स्राव ओढणे, नाजूक त्वचेवरील चिकटपट्टी काढणे, हे दिवसरात्र चालते. पॅरिस परिसरातील ४३० मुलांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत दर मुलामागे दिवसाला सुमारे १० वेदनादायक क्रिया आढळल्या आणि पाचांपैकी जवळजवळ चार क्रियांच्या वेळी खास वेदनाशमन दिलेले नव्हते. पॅरिसमध्ये औषधांचा तुटवडा होता, असे कोणी म्हणणार नाही.

मोठ्या शस्त्रक्रियेला अफूजन्य औषधे लागतात, आणि तीही जपून द्यावी लागतात. टाचेच्या सुईला मात्र आईच्या उघड्या छातीचा स्पर्श आणि अंगावरचे दूध यांनी खरोखर उतार पडतो. ते शक्य नसेल तेथे साखरेच्या निर्जंतुक द्रावणाचे काही थेंबही उपयोगी पडतात. हा उपाय जवळजवळ फुकट आहे. तरीही आपल्याकडे अनेक ठिकाणी आईला दूध पाजण्यापुरतेच आत घेतात. एरवी ती ओली बाळंतीण व्हरांड्यात बसून असते. कारण सांगतात जंतुसंसर्गाचे. परंतु दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतील रुग्णालयांत जन्मापासूनच आई व मूल एकत्र ठेवून पाहिले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि संशयित जंतुसंसर्गही घटला. दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना शिकवून शुश्रूषेत सामील करून घेण्याची पद्धत रुजली, आणि २०१७ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

सूचना निघाल्या म्हणून खाटा येत नाहीत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूत मातेच्या मोफत आहाराला ३ दिवसांची, शस्त्रक्रिया झाल्यास ७ दिवसांची मर्यादा घातली गेली. अपुऱ्या दिवसांचे मूल तर आठवडेच्या आठवडे विभागात राहते. शेतमजूर बाईने तेवढे दिवस काय खावे, कोठे निजावे, घरच्या दुसऱ्या मुलाला कोणी पाहावे आणि बुडालेली मजुरी कोणी भरून द्यावी? यंत्रांच्या खरेदीला निविदा निघतात, उद्घाटने होतात. आईच्या खाटेला ठेकेदार नाही, म्हणून तिला वालीही नाही.

जिल्हा रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर जे कार्यकर्ते आहेत, त्यांनी पुढील बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात: नवजात विभागात आईसाठी किती खाटा आहेत, तिच्या जेवणाची सोय किती दिवस आहे, आणि मुलाला सुई टोचताना ती आत असते की बाहेर.