सुका बर्फ पेल्यात नको

आपल्या बेटावरील हॉटेलांत आपल्या समाजाची कितीतरी मुले-मुली नोकरीला आहेत. म्हणून एका धोक्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. पाहुण्यांना खूष करण्यासाठी पेयातून पांढरा धूर काढण्याची हौस बारमधून दिसते. हा धूर ड्राय आइसचा, म्हणजे सुक्या बर्फाचा.

सुका बर्फ हा पाण्याचा बर्फ नव्हे. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू होय. तो उणे 78 अंश सेल्सियस इतका थंड असतो आणि वितळून पाणी न होता थेट वायू होतो. उघड्या हाताने धरला तर भाजल्यासारखी जखम होते. मग तोंडात किंवा पोटात गेला तर काय होईल? पेयात त्याचा खडा तळाशी बसतो व शेवटच्या घोटाबरोबर तोंडात येऊ शकतो.

मार्च 2024 मध्ये भारतात गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून सुका बर्फ दिला गेला. पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या व रुग्णालयात न्यावे लागले. फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका मेजवानीत तो पोहण्याच्या हौदात ओतला. बंद जागेत वायू साठून तिघे दगावले.

आमचे मत स्पष्ट आहे. धुराची शोभा हवी तर खुशाल करा, पण पिणाऱ्याच्या पेल्यात खडा टाकू नका. मोठ्या भांड्यात थोडे पाणी व सुका बर्फ घालावा आणि पेयाचे भांडे त्यात वेगळे ठेवावे. खडा चिमट्याने, जाड हातमोजे घालून उचलावा. घट्ट झाकणाच्या बाटलीत किंवा डब्यात ठेवू नये, ती फुटते. एक किलोपासून 500 लिटरहून अधिक वायू होतो व तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. म्हणून खोलीत वारा खेळता हवा. बंद मोटारीतूनही तो नेऊ नये.

हे सारे शिकविणे मालकाचे कर्तव्य आहे. न शिकविता काम सांगितले, तर "साहेब, आधी दाखवा" असे म्हणण्यास आपल्या मुलांनी संकोच करू नये. नोकरीची भीती आम्ही जाणतो. परंतु पाहुण्यास इजा झाली तर बोट प्रथम पेला देणाऱ्याकडेच दाखविले जाते. पालकांनो, लग्ना-वाढदिवसाच्या घरच्या समारंभातही हाच नियम पाळा. तेथे तर लहान मुलांचे हात सर्वांत आधी पोहोचतात.