‘चूक नाही’ हा पर्याय

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या पीएसॅट परीक्षेत एक वाक्य देऊन त्यातील व्याकरणदोष विचारला होता. आशय असा: टोनी मॉरिसनची प्रतिभा तिला कृष्णवर्णीय अमेरिकनांनी सोसलेल्या अन्यायातून उगवणाऱ्या व तो अन्याय व्यक्त करणाऱ्या कादंबऱ्या लिहिण्यास समर्थ करते. परीक्षकांचे उत्तर होते, ‘चूक नाही’. मेरीलँडमधील एका शिक्षकांनी हरकत घेतली: ‘मॉरिसन्स’ हे षष्ठीचे रूप विशेषणाचे काम करते, आणि ‘हर’ या सर्वनामाने विशेषणाकडे निर्देश करू नये. तसा नियम काही लेखन-मार्गदर्शिकांत छापलेलाही होता. अखेर २००३ मध्ये कॉलेज बोर्डाने प्रश्न रद्द करून गुण नव्याने मोजले.

प्रश्न रद्द झाला; नियम मात्र तपासला गेला नाही, अशी आमची तक्रार आहे. त्याच्या मुळाशी एक रास्त सावधगिरी आहे. ‘मेरीच्या आईने तिचे पत्र वाचले’ यात पत्र कोणाचे? मराठीत ‘आपले पत्र’ म्हटले की ते आईचे ठरते. इंग्रजीतल्या ‘हर’ला ती सोय नाही, म्हणून तिथे लेखकाने जपावे हे योग्यच. पण मॉरिसनच्या वाक्यात दुसरी स्त्रीच नाही. संदिग्धता नसताना केवळ रूप पाहून दोष काढणे म्हणजे रोग नसताना औषध देणे होय.

ही खोड जुनी आहे. रॉबर्ट लोथ यांनी १७६२ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात शेक्सपिअर, मिल्टन यांसारख्यांच्या लेखनातील ‘चुका’ तळटीपांत नोंदवल्या. ज्यांच्या लेखनावरून भाषा शिकायची, तेच नापास!

लाखो विद्यार्थ्यांना एकच कसोटी लावायची तर नियम ठाम हवेत, असे कोणी म्हणेल. आम्हालाही ते मान्य आहे. कर्ता आणि क्रियापद यांचे वचन जुळावे, वाक्यारंभीच्या विशेषक पदबंधाला वाक्यात योग्य आधार असावा, दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने सांधू नयेत, हे परीक्षेत जरूर विचारावे; प्रमाण लेखनात त्यांविषयी फारसा वाद नाही. परंतु जिथे जाणकारांतच मतभेद आहेत, तिथे एकाच उत्तराला गुण देणे हा न्याय नव्हे. पीएसॅटच्या गुणांवर नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पात्रता अवलंबून असते, हेही विसरून चालणार नाही.

साहित्य शिकवणाऱ्यांचे काम इथे सुरू होते. ‘परीक्षेत हे चालत नाही’ आणि ‘भाषेत हे चूक आहे’ ही दोन निराळी विधाने आहेत. ती वर्गात निराळी ठेवली नाहीत, तर मॉरिसनवरचे वाक्य वाचून विद्यार्थी षष्ठी शोधील. अन्याय कोणी सोसला, हे विचारणार नाही.