आठ युरोची काँट्री

मागच्या हिवाळ्यात लिऑंमधल्या आमच्या मराठी ग्रुपने वाईन टेस्टिंग ठरवलं. मेसेज आला : माणशी चाळीस युरो काँट्री, 'आणायच्या तर चांगल्याच बाटल्या आणू'. आम्ही नोकरदारांनी पटापट थम्ब्स-अप टाकले. मास्टर्स करणाऱ्या एका मुलीने लिहिलं, "सबमिशन आहे, जमणार नाही." सबमिशन वगैरे काही नव्हतं, हे नंतर कळलं. चाळीस युरोत तिचा दोन आठवड्यांचा किराणा येतो.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. दहा जणांच्या टेस्टिंगला महाग बाटली आणणं हा मूर्खपणा आहे. वर तो कुणाला तरी दाराबाहेर ठेवण्याचा सभ्य मार्ग आहे.

आमच्यातले एक सीनियर म्हणतात, "बोर्दो म्हणजे बोर्दो, क्वालिटीला पैसे पडतातच." बरं, ही क्वालिटी ठरवली कुणी? १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या नामांकित वाईनची पाच श्रेणींत यादी केली. निकष मुख्यतः बाजारभावाचा. म्हणजे महाग म्हणून वरची श्रेणी, आणि वरची श्रेणी म्हणून महाग. आमच्याकडे कोडमध्ये याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात आणि रिव्ह्यूमध्ये कान उपटतात. त्या यादीत दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत बढती मिळाली ती एकालाच, मूतों रोत्शिल्डला, तीही १९७३ साली. सरकारी खात्यातही याहून बरी प्रमोशन्स होतात!

"पण जाणकाराला चव कळते." कळत असेल. २००१ साली बोर्दोतल्याच संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. मी त्यांना हसत नाही. डोळे नाकाला फसवतात, एवढंच. मग लेबल आणि किंमत आपल्याला फसवत नसतील?

म्हणून या वेळी खरेदी मी केली. माणशी आठ युरो, दहा जण, ऐंशी युरो. सहा बाटल्या अठ्ठावन्नमध्ये आल्या, उरलेल्यात पाव आणि चीज. ७५ सेंटिलिटरची बाटली दहांत वाटली तरी प्रत्येकाला साडेसात मिळते. चव घ्यायला पाचही पुरे.

युक्ती एकच : प्रसिद्ध नावाच्या शेजारचं गाव बघायचं. शाँपेन नको, लिमूची क्रेमाँ घ्या. दुसरं आंबवणं तिथेही बाटलीतच होतं, फक्त नावाचे पैसे पडत नाहीत. नाँतजवळची म्युस्कादे घ्या, लेबलवर 'स्यूर ली' लिहिलेली. म्हणजे यीस्टच्या गाळावर मुरलेली. लाल हवी तर बोजोले. आम्हाला ती तासाभरावर आहे, पण थंडीत येणाऱ्या 'नुव्हो'च्या गवगव्यामुळे लोक तिला पोरखेळ समजतात. तिथले दहा पट्टे स्वतःच्या नावाने वाईन विकतात. मी रेन्ये आणली. तिचं द्राक्ष गामे. बर्गंडीच्या ड्यूकने १३९५ साली ते उपटून टाकायचा हुकूम काढला होता, तेव्हा नाकं मुरडणं जुनंच आहे. शिवाय माल्बेकची काळीकुट्ट काओर, एक कोत द्यू रोन आणि शेवटी किंचित गोड वूव्रे.

पण स्वस्त म्हणजे तीन युरोची नव्हे. बाटली, बूच, लेबल, वाहतूक यांचा खर्च तेवढाच राहतो; तीन युरोत द्राक्षांच्या वाट्याला काय उरणार? सात ते बारामध्ये मात्र प्रत्येक वाढीव युरो जिभेला कळतो. त्यानंतर तो हळूहळू पत्त्याचे पैसे मोजायला लागतो.

बाटल्यांना मोजे घातले. (धुतलेले. विचारणारे होतेच.) सीनियरनी हट्टाने आणलेली पस्तीस युरोची बोर्दोही मोज्यात घालून रांगेत सातवी उभी केली. सगळ्यांनी कागदावर गुण दिले.

रेन्ये पहिली. बटाटेवड्यांबरोबर क्रेमाँ इतकी जमली की ती दुसरी. बोर्दो चौथी आली. वाईट नव्हती, पण तिच्या पैशांत आमच्या तीन बाटल्या आल्या असत्या. माझी कोत द्यू रोन सपशेल शेवटची, पाणचट आणि तरी घशाला जळजळीत. ती निवडताना मी दुकानदाराला न विचारता लेबलवरच्या मेडलवर भाळलो होतो. इतकं बोलून शेवटी मीही तेच केलं.

सीनियर म्हणाले, "बोर्दो अजून दहा वर्षं ठेवायला हवी होती." असेलही. भाड्याच्या वन-बीएचकेत, हीटरशेजारी?

या वेळी ती मुलगी आली होती. काओरला तिने दहापैकी नऊ दिले आणि शेरा लिहिला, "जांभळं खाऊन जीभ होते तशी." जाताना उरलेली अर्धी काओर बूच लावून घेऊन गेली, आणि आठ युरो तिथेच रोख टेबलावर ठेवले.