सातिवलीचे ॲसिड आणि आपला उतारा



गळीत हंगाम आटोपला की कारखान्यात दुरुस्तीची धांदल सुरू होते, हे आपण जाणताच. त्याच कामानिमित्त आम्ही संपादक मंडळातले तिघे गेल्या महिन्यात खरेदी विभागाच्या मंडळींबरोबर वसईला गेलो होतो. वसई पूर्वेला सातिवली, वालीव, गोखिवरे या भागात गाळ्याला गाळा लागून शेकडो लहान कारखाने आहेत. तार ओढणारे, नटबोल्ट करणारे, पत्र्याला जस्त चढवणारे. आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं तिथं कामाला आहेत. आपल्या कुंपणाची तार, मोटारीचा पाइप, वखराचा बोल्ट कुठून येतो, याचा विचार आपण कधी केलेला नसतो; तो असल्याच कुठल्यातरी गाळ्यातून येतो.

माल पाहून झाल्यावर मागच्या दाराने बाहेर पडलो, तर भिंतीला लागून निळ्या पिंपांची रांग. आत हिरवट-पिवळे पाणी, वास नाकाला झोंबणारा. आम्ही विचारले, हे काय? मालक सरळ माणूस. म्हणाला, “दादा, पिकलिंगचं वापरलेलं ॲसिड आहे. टँकरवाला नेतो.” कुठे नेतो? “ते मी विचारत नाही. विचारलं तर तो न्यायचा नाही.”

हे वाक्य आमच्या डोक्यातून अजून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

तापलेल्या लोखंडावर काळी खपली धरते. ती निघाल्याशिवाय तार ओढता येत नाही की जस्त चढत नाही. म्हणून लोखंड पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडात बुडवतात. आपल्याकडेही इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत कीट बसले की कॉस्टिकच्या उकळीनंतर ॲसिड फिरवतात, तसलाच प्रकार. फरक एवढाच, की आपले काम मधूनमधून चालते, त्यांचे रोज. खपली विरघळता विरघळता ॲसिडात लोखंड भरत जाते, लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे गेले की ॲसिड मंदावते आणि ते पाणी टाकाऊ ठरते.

आता हिशेब पाहा. असे एक हजार लिटर पाणी घेतले, तर त्यात लोखंड धरा शंभर किलो. या लोखंडाने एकशेतीस किलो शुद्ध ॲसिड बांधून ठेवलेले असते, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ॲसिडच्या भाषेत सुमारे चारशे किलो. ते सगळे पैसे देऊन आणलेले. लहान कारखानदार फार तर काय करतो, चुना टाकतो. निदान एकशेतीस किलो चुना जातो, लोखंडाचा गाळ खाली बसतो, वरचे पाणी स्वच्छ दिसते, लिटमस कागदही गप्प बसतो. पण त्या पाण्यात सुमारे दोनशे किलो कॅल्शियम क्लोराइड विरघळून राहिलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, गाळून निघत नाही, आणि जिथे सोडाल तिथे क्षार नेते. क्षारपड जमीन म्हणजे काय हे आपल्या नदीकाठच्या सभासदांना वेगळे सांगायला नको. चुना टाकला म्हणजे पाणी गोड झाले, हा समज आधी मनातून काढला पाहिजे. आणि चुनासुद्धा न टाकता ओढ्यात सोडणारे असतात, ते वेगळेच.

वास्तविक यावरची विद्या जुनी आहे. १९६० च्या दशकात पोलादाचे मोठे कारखाने गंधकाचे तेजाब सोडून हायड्रोक्लोरिककडे वळले, ते हे ॲसिड परत मिळवता येते म्हणूनच. ऑस्ट्रियातल्या रुथनर कंपनीची पद्धत प्रसिद्ध आहे. वापरलेले पाणी आधी गरम वायूने दाट करायचे, मग उभ्या भट्टीत वरून बारीक फवारायचे. उष्णता, वाफ आणि हवेतला प्राणवायू यांच्यापुढे लोह क्लोराइड फुटते. ॲसिड वायुरूपाने वर जाते, लोखंडाची तांबडी भुकटी तळाशी पडते. वायू पाण्यात शोषून घेतला की सुमारे अठरा टक्क्यांचे ॲसिड पुन्हा हौदात ओतायला तयार. वरच्या हजार लिटरांतून भुकटी निघेल एकशे त्रेचाळीस किलो. चांगली शुद्ध असली तर लाउडस्पीकर आणि लहान मोटारींतल्या फेराइट चुंबकांना चालते, तितकी नसली तर रंगाला. आपल्या ओट्यांच्या लाल फरशीतला रंग याच जातीचा.

मग सातिवलीत हे का होत नाही? कारण भट्टी मोठी लागते आणि इंधन खाते. लिटरभर पाण्याची वाफ करायलाच सहाशे किलोकॅलरींच्या वर उष्णता जाते. आपल्या बॉयलिंग हाऊसमध्ये एका बॉडीची वाफ दुसरीला, दुसरीची तिसरीला देऊन एका किलो वाफेत साधारण चौपट पाणी उडवतो. फवारा-भट्टीत तशी सोय नाही. शिवाय ॲसिडपुढे साधे लोखंड टिकत नाही, यंत्राला रबराचे अस्तर, ग्रॅफाइट असले महागडे साहित्य लागते. दिवसाला दोन पिंपे पाणी निघणाऱ्या गाळ्याने हे उभारावे म्हणणे म्हणजे दोन एकर उसाच्या मालकाला स्वतःचा साखर कारखाना काढ म्हणण्यासारखे आहे.

इथेच आमचे म्हणणे आहे. दोन एकरवाल्याने कारखाना काढलाच ना! एकट्याने नव्हे, शेअर घेऊन, सगळ्यांचा ऊस एका गव्हाणीत टाकून. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी हेच करून दाखवले. सातिवलीच्या गाळेवाल्यांनी वापरलेल्या ॲसिडची सहकारी सोसायटी काढावी, एक सामायिक पुनर्प्राप्ती केंद्र उभारावे, ज्याने जितके लोखंड-ॲसिड घातले त्याला तितके ताजे ॲसिड परत द्यावे. वजनकाटा आणि प्रयोगशाळा प्रामाणिक ठेवली की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे अवघड आहे, कबूल. पण आपल्या थोरांपुढेही ते सोपे नव्हते.

एक पथ्य मात्र हवे. जस्त काढण्याच्या हौदातले ॲसिड आणि साध्या पिकलिंगचे ॲसिड एकत्र करायचे नाही. जस्त मिसळले की भुकटीचा दर्जा गेला. उसात पाचट आले की उतारा कसा पडतो, तसेच हे.

काही जण म्हणतील, कायदा आहे की! आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असला माल नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, फॉर्म १० शिवाय हलवता येत नाही, आणि मंडळाच्या परवानगीने तो दुसऱ्या उद्योगात कच्चा माल म्हणून वापरताही येतो. पण कागद टँकरबरोबर जातो की नुसता फाइलीत राहतो, हे पाहायला कोण आहे? उत्तरेला तारापूरचे उदाहरण समोर आहे. किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांच्या संघटनेने दाद मागितली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या कारखान्यांना मोठ्या भरपाईचा आदेश दिला. गाळेवाल्यांनी तेवढी वेळ कशाला येऊ द्यावी?

आम्ही दुसऱ्याला शहाणपण शिकवतो आहोत असे कुणी समजू नये. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश ओढ्यात जायचा ते दिवस साखरधंद्यातल्या जुन्या माणसांना आठवत असतील. २००३ मध्ये केंद्रीय मंडळाने सनद केली, तेव्हा कुठे त्याचे खत करणे, तो जाळून पोटॅश काढणे याकडे आपला धंदा नेटाने वळला. तोवर ती घाणच होती. आता तिचा भाव विचारतात.

आणि आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. गंधकाच्या तेजाबात पिकलिंग केले, तर ते पाणी थंड केल्यावर हिरवे खडे पडतात. ते म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट. खोडव्यावर केवडा पडला की हेक्टरी पंचवीस किलो आपण शेणखतात मुरवून देतो, तेच. एकाची घाण दुसऱ्याचे औषध होते ते असे. पण सावध! गेल्या पावसाळ्याआधी आपल्या एका सभासदाच्या बांधावर एक टँकर उभा राहिला होता, “लोहाचं खतपाणी आहे, फुकट सोडतो” म्हणून. सभासदाने हुशारीने परत पाठवला. त्यात क्लोराइड किती, जस्त-शिसे किती, कुणास ठाऊक. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे फेरस सल्फेटात लोह निदान एकोणीस टक्के हवे आणि पिशवीवर तसे छापलेले हवे. फुकट आहे म्हणून विहिरीशेजारी काही ओतून घेऊ नका. शंका आली तर बाटलीभर नमुना कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणून द्या.

येत्या खरेदी समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवणार आहोत. तार, पाइप, साखळ्या घेताना निविदेत एक रकाना वाढवावा : वापरलेले ॲसिड कुठे जाते, त्याची फॉर्म १० ची प्रत जोडा. सातिवलीच्या त्या मालकालाही हे आम्ही पत्राने कळवले आहे. त्याने उलट विचारले आहे, की शेजारचे वीस गाळे जमवले तर सोसायटीचे पोटनियम लिहायला आपल्याकडचे कुणी येईल का. सभासदांपैकी कोणाला या कामाची माहिती असेल, तर शेतकी कार्यालयात नाव द्यावे.